बसून राहणारी गाडी

बुधवारी सकाळी साडेदहाला कमलाकर डॉक्टरांची गाडी जफरभाईंच्या गॅरेजवर आली, ती बसलेलीच आली. चारही टायर तट्ट फुगलेले होते, इंजिन चालू होतं, पण अंग असं खाली टेकलेलं की एखादी म्हैस उठायचा कंटाळा करून बसल्या बसल्याच पुढे सरकते आहे असं वाटावं. बाहेर लख्ख ऊन होतं आणि काचेवरचे वायपर जोरात फिरत होते. मागचं मोठं दार आपोआप उघडत होतं, थोडा विचार करत होतं आणि पुन्हा आपोआप मिटत होतं. ड्रायव्हरची सीट डॉक्टरांना घेऊन सावकाश पुढे जायची, स्टिअरिंगला पोट लागलं की मागे यायची. डॉक्टर शांत होते. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात पस्तीस वर्षं काढलेला माणूस. लाथ बसली नाही म्हणजे पेशंट सहकार्य करतो आहे, असं ते धरून चालत.

“जफर,” काच खाली आली तेवढ्यात त्यांनी बोलून घेतलं, “कधीपासूनच हिच्या मागच्या पायांत...” काच वर गेली.

जफरभाई थांबले. काच पुन्हा खाली आली.

“...जोर नाही. परवापासून आवाज घोगरा झालाय. डिझेलवर वासना नाही.”

“हार्न?”

“हॉर्न स्वतःहून देते. डावीकडे वळताना.”

काच वर गेली ती गेलीच. पुढचं सगळं डॉक्टरांनी आतून खुणांनी सांगितलं.

कळंबच्या नागपूर रोडवर जफरभाईंचं गॅरेज तीस वर्षांपासून होतं. पाटीवर ‘सर्व प्रकारच्या गाड्या दुरुस्त होतील’ असं रंगवलं, तेव्हा गाड्यांचे प्रकार तीनच होते. पुढे प्रकार वाढत गेले, पाटी तीच राहिली, आणि जफरभाईंना शब्द फिरवायची सवय नव्हती. म्हणून ही गाडीही त्यांच्याकडेच यायची.

गाडी होती परदेशी कंपनीची. नाव कोणालाच सरळ घेता येत नसे, म्हणून सगळं कळंब तिला ‘क्षितिजची’ म्हणायचं. क्षितिज म्हणजे डॉक्टरांचा एकुलता एक मुलगा. तो पुण्यात मोठ्या हुद्द्यावर. आईबाबांनी आरामात फिरावं म्हणून त्यानं कुठल्याशा बिल्डरची वापरलेली गाडी घेऊन गेल्या दिवाळीत कळंबला धाडली होती. हिच्या चाकांवर स्प्रिंगा नव्हत्या, हवेचे फुगे होते. एक छोटा कॉम्प्रेसर त्या फुग्यांत हवा भरायचा आणि गाडी उंच उभी राहायची. बिल्डरच्या नातवानं आतल्या स्क्रीनची भाषा बदलून ठेवली होती, ती कोणती हे कोणाला कळलं नव्हतं. गाडी काहीतरी फार कळवळून सांगायची आणि डॉक्टर तिला “हो, हो” म्हणायचे.

ते साल कापसानं जिल्ह्याला तोंडघशी पाडल्याचं होतं. रस्त्यावर कापसाच्या बंड्यांपेक्षा पाहणी पथकांच्या गाड्या जास्त दिसायच्या. मुंबईचं पथक येऊन जायचं, मग दिल्लीचं यायचं, मग आधीच्या दोघांनी काय पाहिलं ते पाहायला तिसरं यायचं. त्यामुळे एसीची, काळ्या काचेची, मोठी गाडी गावात शिरली की माणसं हातातलं काम टाकून घरातून अर्ज घेऊन यायची. अर्ज तयारच असायचे. डॉक्टर आपल्या गाडीतून शेजारच्या बंजारा तांड्यावर एका बैलाचं शिंग पाहायला गेले, तर परत येताना गाडीत अकरा अर्ज होते.

“मी पथक नाही, मी ढोरांचा डॉक्टर. तोही रिटायर,” त्यांनी परोपरीनं सांगितलं.

“हाव जी,” लोक म्हणाले, “पण केंद्राचे का राज्याचे?”

ते अकरा अर्ज सुनीतीबाईंनी घरी वाचले आणि त्यांचा जीव कळवळला. त्या डॉक्टरांच्या पत्नी, पण गावात ओळख पोस्टमास्तर बाई म्हणून. तीस वर्षं पोस्टात गेलेली. अर्जातली माणसं खरी, अडचण खरी, पण पत्ता? एकानं नुसतं ‘साहेब, नागपूर’ लिहिलं होतं. बाईंनी प्रत्येक अर्जाला नीट पत्ता घातला, पिनकोड घातला, तारीख नसली तर तारीख घातली आणि टपालात टाकले. महिन्याभरानं तांड्यावरची जळालेली विजेची डीपी बदलून मिळाली. झालं. तेव्हापासून बाई स्वतः गाडीत बसून आठवड्यातून दोनदा गावं फिरू लागल्या. मांडीवर पॅड, पर्समध्ये तिकिटं. डॉक्टर गाडी चालवायचे आणि बाई लिहून घेईपर्यंत फुकट बैलं तपासायचे. दोघांची तब्येत अशी सुधारली की जफरभाईंची बायको जैबुनबी म्हणाली, “पथक असावं तं असं असावं.”

आणि आता नेमकी गाडी आजारी पडली होती.

“रविवारी क्षितिज येतोय,” मागच्या दारातून बाहेर पडत डॉक्टर म्हणाले. पुढची दारं कुलूप लावून बसली होती. “त्याला शेजारच्या कोणीतरी फोनवर सांगितलं, गाडी रस्त्यात बसते. तो म्हणतो, धोक्याची गाडी ठेवायची नाही. विकून टाकतो आणि तुम्ही दोघं पुण्याला चला. लिफ्टची बिल्डिंग आहे, खाली दवाखाना आहे.”

“जाता का मंग?” जफरभाईंनी पान्ह्याकडे पाहत विचारलं.

“गाडी धड असली तर काय कारण जायचं?”

 डॉक्टर तीस वर्षं रोज दुपारी चार वाजता गॅरेजवर यायचे, उलट्या ठेवलेल्या टायरवर बसायचे आणि दोघं चहा प्यायचे. बोलणं फारसं नसे. एकानं म्हणावं, “ऊन आहे.” दुसऱ्यानं म्हणावं, “हाव.” त्यात सुट्टी पडली ती दोनदा: एकदा जफरभाईंच्या अम्मी गेल्या तेव्हा, आणि एकदा डॉक्टरांना सांड लागला तेव्हा. बुधवारी रात्री घरी गेल्यावर जैबुनबीनं भाकरी वाढता वाढता सहज विचारलं, “ते पुण्याले गेले तं तुमी चार वाजता काय करसान?” जफरभाई म्हणाले, “काम करीन.” मग त्यांनी भाकरी कोरडीच खाल्ली. कालवण ताटात तसंच होतं.

गुरुवारी सकाळपासून ते गाडीला भिडले.

आधी बॅटरी. मीटर लावला तर बॅटरी मेल्यात जमा. जफरभाईंना जरा हायसं वाटलं. नव्या गाड्यांचं हे त्यांनी पाहिलं होतं: बॅटरी उतरली की गाडीचं डोकं फिरतं, आणि फिरलेलं डोकं ती हातापायांवर काढते. वायपर, काचा, सीट, हॉर्न, सगळा त्याचाच भाग. त्यांनी ट्रॅक्टरची बॅटरी जोडली. वायपर थांबले. काचा जागेवर आल्या. मागच्या दारानं एकदा उघडून पाहिलं आणि नाद सोडला. पण गाडी उठली नाही.

“दम पुरत नाही,” टायरवर बसलेले डॉक्टर म्हणाले. त्यांनी गाडीचा केसपेपर केला होता. दवाखान्यातून उरलेला जुना छापील कागद. ‘जनावराचा प्रकार’ पुढे ‘गाडी’, ‘रंग’ पुढे ‘काळा’, ‘दूध’ पुढे रेघ.

“बॅटरी उतरली कायनं, ते पाह्यलं पाह्यजे,” जफरभाई म्हणाले. “चार्जिंग बरोबर आहे. अर्थिंग बरोबर आहे. मंग रातभर पेते कोण?”

“जफर, मी काय म्हणतो, तू बाकीचं सगळं बरं कर. बसणं राहू दे.”

“काय राहू दे?”

“बसणं. वयानुसार असतं ते.”

जफरभाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. तीस वर्षांत डॉक्टरांनी कोणत्याही पेशंटबद्दल ‘राहू दे’ म्हटलं नव्हतं. गाभण म्हैस विहिरीत पडली तेव्हासुद्धा नाही.

त्यांनी फ्यूज पाहिले. कॉम्प्रेसरचा फ्यूज साबूत, पण त्याला वीज देणारा रिले हाताला चटका बसेल इतका तापलेला. म्हणजे कॉम्प्रेसर रात्रंदिवस हवा ओढायचा प्रयत्न करत होता, बॅटरी पीत होता, आणि हवा काही त्याला मिळत नव्हती. जफरभाई जॅक लावून गाडीखाली शिरले. कॉम्प्रेसरच्या हवा घेणाऱ्या नळीचं तोंड मागच्या चाकाजवळ होतं. त्यांनी टॉर्चचा उजेड टाकला.

नळीच्या तोंडात कापूस होता.

त्या साली कळंबमध्ये कापूस कशातही निघाला असता. लोक त्याला दाराच्या फटीत कोंबत होते, कोंबड्यांखाली अंथरत होते. जिनिंगमधली रुई तर वाऱ्यानं उडत होतीच. पण हा उडून आलेला कापूस नव्हता. ही स्वच्छ, पांढरी, नीट वळलेली वात होती. तिच्यावर पट्टी होती आणि पट्टीवर टाक्याच्या दोऱ्यानं मारलेली गाठ: तीन वेढे, एक उलटा, टोकं सारखी कापलेली.

जफरभाई गाडीखाली उताणे पडून बराच वेळ त्या गाठीकडे पाहत राहिले. ती त्यांच्या चांगल्या ओळखीची होती. खूप वर्षांपूर्वी पंख्याच्या पट्ट्यात त्यांचा डावा अंगठा चिरला, सरकारी दवाखान्यात कोणी नव्हतं, तेव्हा कमलाकर डॉक्टरांनी तो शिवला होता. शिवून झाल्यावर सवयीनं म्हणाले होते, “आठ दिवस औताला जुंपू नका.”

ते बाहेर आले. अंगठा डॉक्टरांच्या पुढे धरला.

“हे पाहा.”

“चांगला भरून आलाय,” डॉक्टर म्हणाले.

“गाठीचा वण पाहा. आता खाली या, दुसरी गाठ दाखवतो.”

डॉक्टर खाली आले नाहीत. चष्मा काढून पुसू लागले. चष्मा स्वच्छच होता.

“तुमी बांधली?”

“हो.”

“कायले?”

डॉक्टरांनी रस्त्याकडे पाहिलं, एक एसटी जाऊ दिली, मग आवाज खाली आणला. “सुनीतीला चढता येत नाही रे. तिचे गुडघे! आणि ही गाडी म्हणजे माडी. पहिल्या दिवशी मी मागून रेटलं, शेजारच्यांनी पुढून ओढलं, अर्धी गल्ली बघत होती. ती म्हणाली, मी काही पोतं नाही, मला नको ही गाडी. महिनाभर घराबाहेर पडली नाही. मग एक दिवस गाडी तीन-चार दिवस उभी होती, हवा उतरून आपोआप खाली बसली. ही अंगणात आली, दार उघडलं आणि खुर्चीवर बसावं तशी बसली. एकटी! कोणाचा हात न धरता. मला म्हणाली, गाडी समंजस आहे.”

“मंग?”

“मग मी गाडी सुरू केली की ती लागली उठायला. बसलेली बाई उतरणार कशी? मी स्टेथोस्कोप लावला. श्वास कुठून घेते ते शोधायला मला दहा मिनिटं लागली.” यातला थोडा अभिमान त्यांना लपवता आला नाही. “तिथं बोळा भरला.”

“मले काहून नाई सांगितलं?”

“तू स्टूल करून दिलं असतंस.”

“हाव.”

“लोखंडी.”

“हाव मंग.”

“तेच तिला नको होतं. चार माणसांत स्टुलावर चढणं.”

जफरभाईंना आता सगळं एका सुतात दिसलं. बाईंचं गावोगाव फिरणं आणि गाडीचं बसणं एकाच आठवड्यात सुरू झालं होतं. हे त्यांच्या लक्षात यायला हवं होतं. “डाक्टरसाब,” ते म्हणाले, “बसणं राहू द्या आन् बाकीचं बरं करा, असं नाई होत. सगळं एकच हाय. तुमी तिचं नाक दाबलं. ते दम घ्याले तडफडते, बॅटरी खाते, मंग तिले भ्रम होते. असंच चालवलं तं एखाद्या दिवशी भर रस्त्यात ब्रेकसुदीक रुसतीन.”

डॉक्टरांचा चेहरा उतरला. आजवर त्यांच्या हातून पेशंटला इजा झाली नव्हती.

जफरभाईंनी गाठ कापली. कॉम्प्रेसर घरघरला, मग त्याचा सूर लागला. गाडीचं अंग आधी मागून, मग पुढून वर आलं आणि ती उंच, चकचकीत, निरोगी उभी राहिली. दोघं तिच्याकडे फार उदास होऊन पाहत राहिले. उठलेली गाडी म्हणजे बाई घरात. आणि बाईंना घरातच बसायचं असेल, तर ते पुण्यात लिफ्टच्या बिल्डिंगमध्येही बसता येतं, हे क्षितिजला सांगायला कोणी लागत नव्हतं.

“कंपनीनं याचा काही विचार केला असंल ना,” जफरभाई शेवटी म्हणाले. “त्यांच्या देशात म्हाताऱ्या बाया नसतीन का?”

गाडीचं जाडजूड पुस्तक डॉक्टरांच्या घरी होतं. गाडी घेऊन दोघं तिथं गेले. अंगणात बसून डॉक्टरांनी चष्मा लावून पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. दोनशे चौदाव्या पानावर चित्र सापडलं: गाडी, तिच्याखाली खाली जाणारा बाण. माणसांनी चढण्या-उतरण्यापुरतं गाडीला खाली बसवायचं बटण! गिअरच्या शेजारी, डाव्या अंगाला.

दोघांनी गाडीत डोकं घातलं. गिअरच्या शेजारी, डाव्या अंगाला, चिंतामणी बसला होता.

गाडी आली त्या दिवशी सुनीतीबाईंनी गावातल्या चिंतामणीच्या देवळाबाहेरून ही छोटी गणपतीची मूर्ती आणली होती. गाडीत सपाट जागा शोधली, ती हीच. आणि मूर्ती हलू नये म्हणून जफरभाईंनी स्वतः, आपल्या हातानं, दोन नळ्यांचा तो मसाला लावून दिला होता, ज्यानं ते इंजिनाच्या चिरा भरत. बटण त्या मसाल्याखाली होतं.

“पक्कं बसवलंस,” डॉक्टर म्हणाले.

“तुमीच म्हनले पक्कं बसव.”

“छन्नीनं निघेल?”

“निघंल. पण मी छन्नी-हातोडा घेऊन गणपतीजवळ जाऊ? कळंबमधी? डाक्टरसाब, मले अजून पाच-दहा वर्षं धंदा करायचा हाय.”

“मी घेतो छन्नी.”

“कोणी छन्नी घेणार नाही,” मागून आवाज आला. सुनीतीबाई ओट्यावर उभ्या होत्या. त्यांनी उंच झालेल्या गाडीकडे पाहिलं आणि त्या नुसत्या म्हणाल्या, “उठली का ही?”

डॉक्टर चाचरत सांगू लागले, बोळा, नळी, श्वास. बाईंनी हात वर केला.

“माहीत आहे मला.”

“माहीत आहे?”

“अहो, कपाटातली पट्टीची गुंडाळी कमी झाली, तुमच्या गुडघ्यांना चिखल लागला, आणि गाडी उठायची थांबली. पोस्टात तीस वर्षं मी कोणाचं पाकीट फोडलं नाही. पण आत काय आहे ते कळायचंच.” मग जफरभाईंकडे वळून म्हणाल्या, “जफरभाऊ, चिंतामणी हलणार नाही. आणि मी स्टुलावर चढणार नाही. या दोन्हींत बसेल असं काहीतरी करा.”

शुक्रवार दिवसभर जफरभाई पुढच्या सीटखाली आडवे होते. मूर्तीला धक्का न लावता त्यांनी खालून प्लास्टिकची पट्टी सोडवली, बटणाच्या वायरी शोधल्या, लांबवल्या आणि बाहेर काढल्या. आता या वायरींना बटण पाहिजे. गॅरेजात मावेल एवढं एकच होतं: विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरचं लोखंडी खोकं, एक लाल बटण, एक हिरवं. ते त्यांनी बाईंच्या सीटच्या बाजूला चार नटांनी कसलं. लाल दाबलं, गाडी बसली. हिरवं दाबलं, उठली. नवीन बॅटरी घातली. हॉर्न आता फक्त मागितला तरच वाजत होता.

शनिवारी ते गाडी चालवून पाहायला एकटेच तांड्यावर गेले. गाडी दिसताच देवसिंग अर्ज घेऊन धावत आला. आत बाई नाहीत हे पाहून त्यानं अर्ज परत खिशात घातला.

“याडी कुठं हाय?” तांड्यावर आता सगळे बाईंना आई म्हणत, त्यांच्या बोलीत.

“उद्या येतीन. मंग काय माहीत. पोरगा पुण्याले घेऊन जाऊन राह्यला.”

म्हातारी तानाबाई पुढे आली. “तू काई बोलला नाई त्याले?”

“मी काय बोलू? मी मिस्तरी.”

“बोलून कोणाचं काय झालं हो,” देवसिंग म्हणाला. “अर्ज करा लागते.”

जफरभाई हसले, कारण हसण्यासारखंच होतं ते. पण देवसिंग हसला नाही. त्यानं खिशातला अर्ज काढला, उलटा केला, बॉनेटवर ठेवला आणि पेन मागितलं. जफरभाईंनी तपासायला म्हणून हिरवं बटण दाबलं होतं, ते सोडून त्यांनी आधी पेन दिलं.

रविवारी जफरभाई गाडी घेऊन अंगणात आले आणि क्षितिज नागपूरहून टॅक्सीनं आला. आईच्या पाया पडला आणि गाडीभोवती एक फेरी मारली. सुनीतीबाई ओट्यावरून उतरल्या. त्यांनी दार उघडलं, हात आत घालून लाल बटण दाबलं. क्षितिजची गाडी सावकाश खाली आली. बाई आत बसल्या, पदर सावरला, हिरवं दाबलं आणि मुलाच्या डोक्याहून उंच झाल्या.

“आई, हे खोकं कसलं?”

“मोटारीचं. तू बस मागे.”

“विहिरीच्या मोटारीचं?”

“अरे, तीन हॉर्सपॉवरची मोटार चालायची त्यावर,” डॉक्टर म्हणाले. “ही काय मोठी लागून गेली.”

क्षितिजनं स्वतः गाडी चालवली. उगाच जोरात ब्रेक मारून पाहिले, खड्ड्यातून नेली, सगळ्या काचा वरखाली केल्या. मागच्या सीटवर डॉक्टरांशेजारी जफरभाई अंग आखडून बसले होते. ही गाडी त्यांना खालून पाठ होती. वरून ते पहिल्यांदाच बसत होते. तांडा आला तेव्हा क्षितिजनं गाडी थांबवली आणि विचारलं, “जफरकाका, खरं सांगा. ही धोक्याची आहे का?”

जफरभाईंच्या जिभेवर ‘नाई’ आलं होतं. पण समोरच्या आरशात पोराचे डोळे दिसत होते, आणि ते आईबापासाठी घाबरलेले होते.

“आता नाई,” ते म्हणाले. “पण म्हातारी हाय. फुगे जास्तीत जास्त दोन साल चालतीन. सेन्सर एखादा कवाबी जाईन. पावसाळ्यात वायरिंग त्रास देईन. दर महिन्याले पाहा लागंल.”

“कोण पाहणार?”

“मी हाय ना.”

तेवढ्यात लोक जमले. बाईंनी लाल बटण दाबलं, गाडी बसली. पण आज कोणी बाईंच्या खिडकीशी गेलं नाही. देवसिंग, तानाबाई आणि त्यांच्यामागे पंचवीसेक माणसं सरळ क्षितिजच्या खिडकीशी आली. देवसिंगनं कागद पुढे केला. क्षितिजनं तो घेऊ की नको करत घेतला. सुनीतीबाईंनी सवयीनं वाकून पाहिलं.

“तारीख नाही घातली,” त्या म्हणाल्या. मग विषय वाचला आणि पुन्हा सरळ बसल्या.

क्षितिजनं मोठ्यानं वाचलं. “प्रति, माननीय पाहणी अधिकारी साहेब, पुणे. विषय: पोस्टमास्तर बाई, ढोरडॉक्टर व गाडी यांची पुणे येथे होत असलेली बदली रद्द करणेबाबत. महोदय, वरील विषयी अर्ज करण्यास कारण की, सदर बाई आल्यापासून आमचे कागद पोचत आहेत. सदर डॉक्टर आल्यापासून बैल बरे आहेत. सदर गाडी ही पहिलीच अशी की जी एकदा येऊन पुन्हाही आली. तरी...” तो थांबला. खाली अंगठे होते, सह्या होत्या, आणि सर्वांत शेवटी उर्दूत एक सही होती.

“ही कोणाची?”

“माही,” मागच्या सीटवरून जफरभाई म्हणाले.

“तुम्ही तांड्यावर कुठं राहता?”

“राह्यत नाई. पण मले बी तोच अर्ज करायचा होता.”

 डॉक्टर खिडकीबाहेरच्या एका गोऱ्ह्याच्या खुरांकडे फार लक्ष देऊन पाहत होते. क्षितिजनं आईकडे पाहिलं. तिच्या मांडीवर पॅड तयार होतं आणि पलीकडे, तिच्या बाजूच्या काचेशी, मागाहून आलेली एक बाई पोराला कडेवर घेऊन आपला नंबर लागायची वाट बघत उभी होती.

क्षितिजनं आईच्या हातातलं पेन घेतलं. पुण्यात तोही दिवसभर कागदांवर शेरेच मारत असावा. त्यानं कोपऱ्यात दोन ओळी लिहिल्या, खाली सही केली आणि कागद मागे दिला. जफरभाईंनी तो डॉक्टरांपुढे धरला. डॉक्टरांनी वाचून दाखवलं.

“‘एक वर्षाची मुदतवाढ मंजूर. गाडी दरमहा तपासून अहवाल पुण्यास पाठवणे.’”

“एकच साल?” जफरभाई म्हणाले.

“जफरभाऊ, मुदतवाढ एकेक सालाचीच मिळते,” सुनीतीबाई पुढूनच म्हणाल्या.  “पुढच्या साली वेळेत अर्ज करा. आणि तारीख घाला.”

क्षितिज हसला आणि मग त्यानं तोंड फिरवलं. बाईंनी काच खाली केली. ती एका दमात, सरळ खाली गेली. कडेवर पोर घेतलेली बाई बोलू लागली, सुनीतीबाई लिहू लागल्या. डॉक्टरांनी अर्जाची चौकोनी घडी घातली, जफरभाईंच्या शर्टाच्या खिशात ठेवली आणि इंजेक्शन दिल्यावर बैलाला थोपटावं तसं त्यांच्या पाठीवर दोनदा थोपटलं. जफरभाई हलले नाहीत.